नेम नंतर, आधी नजर

सोयाबीनला शेंगा धरल्या की लातूर-नांदेडच्या खेड्यांत माणसाला दोन पाळ्या कराव्या लागतात. दिवसा शेतातलं काम आणि रात्री जागल. नऊच्या सुमाराला भाकरी खाऊन, बॅटरी आणि सुतळी बॉम्बची पिशवी घेऊन माणूस आखाड्यावर जातो, तो तांबडं फुटेपर्यंत तिथेच असतो. अहमदपूर, जळकोट, उदगीर, मुखेड, कंधार, लोहा या बालाघाटाच्या पट्ट्यात हे वर्षानुवर्षं चाललंय. पेरा उगवून आला की हरणांचे कळप कोवळं पीक खुडतात. हरभऱ्याच्या दिवसांत रोही येतात. भुईमूग, मका आणि ऊस यांच्यावर रानडुकरं तुटून पडतात. डुकरांचा कळप एकदा रानात शिरला की खाल्लं थोडं आणि तुडवलं जास्त, अशी गत होते. सकाळी धुऱ्यावर उभं राहून ते पाहणाऱ्या माणसाला प्राणिप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

या रागातूनच बंदुकीची गोष्ट निघते. आणि अलीकडे बंदुकीच्या पाठोपाठ दुर्बिणीची. मोबाइलवर परदेशातल्या शिकारीच्या चित्रफिती मुबलक दिसतात. हिरवट किंवा करड्या पडद्यावर पांढरं डुक्कर, त्यावर नेमाची फुली, एक आवाज आणि डुक्कर आडवं. ते पाहिलेल्या तरुणाच्या मनात साहजिकच येतं की अंधारात दिसणारी एक चांगली दुर्बीण रायफलीवर बसली तर ही रोजची कटकट मिटेल. मग कोणती घ्यावी?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट दिलं पाहिजे. कमी उजेडात चालणारी रायफलीची दुर्बीण कशी निवडावी, याचं शास्त्र पक्कं आहे आणि ते समजायला अवघड नाही. पण ते समजून घेतलं की लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला त्या दुर्बिणीचा उपयोग किती थोडा आहे, हेही त्याच शास्त्रातून कळतं.

दुर्बिणीवर 8×56 किंवा 7×50 असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा ती वस्तू किती पट मोठी दाखवते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की दुर्बिणीच्या मागच्या बाजूने डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. 56 भागिले 8 म्हणजे 7 मिलिमीटर. 10×25 ची खिशातली दुर्बीण घेतली तर अडीच मिलिमीटर. पूर्ण अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे 7 मिलिमीटर उघडते. दुर्बिणीतून येणारं वर्तुळ तेवढंच असेल तर डोळा भरून प्रकाश मिळतो. वर्तुळ अडीच मिलिमीटरचं असेल तर उघडी बाहुली उपाशी राहते आणि समोर नुसता काळोख दिसतो. जर्मनीत रानात उंच मचाणावर बसून चांदण्यात डुकरांची वाट पाहणाऱ्या शिकाऱ्यांनी 8×56 ची दुर्बीण पिढ्यान्‌पिढ्या वापरली, त्यामागे हा साधा भागाकार आहे.

बदलत्या पटीची, म्हणजे 3 ते 12 पट फिरवता येणारी दुर्बीण घेणाऱ्यांची एक चूक नेहमी होते. अंधार पडला की लांबचं नीट दिसावं म्हणून ते आकडा 12 वर नेतात. 56 ला 12 ने भागलं की वर्तुळ पावणेपाच मिलिमीटरच्याही आत येतं आणि चित्र काळवंडतं. उजेड कमी होईल तसा हा आकडा 8 पर्यंत खाली आणायचा असतो.

भिंगांवरचा लेपही तितकाच महत्त्वाचा. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग असले तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो. 1935 साली जर्मनीत झाइस कंपनीतले शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ लेप चढवून हे परावर्तन कमी करण्याची युक्ती शोधली. आजच्या चांगल्या दुर्बिणी 90 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्रकाश पलीकडे पोचवतात. स्वस्त दुर्बीण आणि महाग दुर्बीण यांतला फरक दुपारी कळत नाही. तो सूर्य मावळल्यावर कळतो. नेमाची फुली बारीक असेल तर काळ्या डुकराच्या अंगावर ती दिसतही नाही. म्हणून जाड रेघांची, मधोमध मंद लाल ठिपका असलेली फुली लागते. तो ठिपकाही अगदी मंद हवा, नाहीतर डोळा दिपतो.

एवढं सगळं जमलं तरी एक गोष्ट कोणतीच काचेची दुर्बीण करत नाही. ती अंधार उजळवत नाही. उघड्या डोळ्याला एखादी जागा जेवढी उजळ दिसते, त्यापेक्षा ती काचेच्या दुर्बिणीतून उजळ दिसू शकत नाही. दुर्बीण प्रतिमा मोठी करते, म्हणून बारकावे हाती लागतात, एवढंच. उजेड मुळात असावा लागतो.

आणि इथे मराठवाड्याचं आकाश आडवं येतं.

जर्मनीच्या उत्तरेला जूनमध्ये सूर्य मावळल्यावर पाऊण तासाहून जास्त वेळ संधिप्रकाश रेंगाळतो. कमी उजेडाच्या दुर्बिणी मुळात त्या प्रदेशासाठी घडल्या. लातूर 18 आणि 19 अंश अक्षांशांच्या मध्ये आहे, नांदेड 19 च्या थोडं वर. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो. दिवा न लावता माणूस ओळखता येईल असा उजेड जेमतेम 22 ते 25 मिनिटं टिकतो. त्या वेळी रानात माणसं असतात, बैल घराकडे वळलेले असतात, मोटारी बंद करायची घाई असते. डुकरं त्या वेळी येत नाहीत. ती रात्री उशिरा येतात. ज्या वीस-पंचवीस मिनिटांसाठी लोक लाखभर रुपयांची काच घ्यायला निघतात, त्या मिनिटांत समोर जनावरच नसतं.

चांदण्याचं काय? पौर्णिमेच्या मोकळ्या आकाशातल्या चंद्राचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो. 8×56 दुर्बिणीला तो पुरतो. डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्यावर रोही आल्या तर त्या चांदण्यात दिसतीलही. पण नुकसानीचा मोठा हंगाम खरिपाचा. जुलै ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं आणि पौर्णिमा असून नसल्यासारखी होते. नुसत्या चांदण्यांच्या उजेडात, म्हणजे एका लक्सच्या हजाराव्या भागात, सगळ्यात महाग काचसुद्धा काळ्या जमिनीवरचं काळं डुक्कर दाखवत नाही. मराठवाड्याची जमीन काळीच आहे.

आता दुर्बिणीमागच्या डोळ्याकडे वळू. याची चर्चा फारशी कोणी करत नाही आणि खरी मेख इथेच आहे. जागलीला जातं कोण? घरातला तरुण पुण्याला कंपनीत असतो, धाकटा लातूरला शिकवणीच्या वर्गात. आखाड्यावर जातो तो पंचावन्न-साठीचा बाप, कधी सत्तरीचा आजा. वय वाढतं तशी बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही. विशीतली 7 मिलिमीटरची बाहुली साठीत 5 मिलिमीटरच्या आसपास येते. मग 8×56 मधून येणाऱ्या 7 मिलिमीटरच्या वर्तुळातला जवळजवळ अर्धा प्रकाश बाहुलीच्या बाहेर, बुबुळावर पडून वाया जातो. त्या डोळ्याला 8×40 ची हलकी, स्वस्त दुर्बीण तेवढंच दाखवते. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आत गेलेला प्रकाशही विखुरतो. अशा डोळ्यापुढे रायफल आणि त्यावर फुली ठेवणं म्हणजे काय, याचा विचार घरच्यांनी शांतपणे करावा.

डोळ्याची आणखी एक खोड आहे. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की ही कमाई क्षणात जाते. अंधारात पाहणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यावर नसतात, थोड्या बाजूला असतात. म्हणून अंधारात एखाद्या गोष्टीकडे रोखून पाहिलं तर ती विरून जाते आणि किंचित बाजूला पाहिलं तर दिसते. जुन्या जागल्यांना हे शास्त्र शिकवावं लागत नाही. त्यांना हे नजरेच्या सवयीने माहीत असतं. नेम धरणाऱ्याला मात्र रोखूनच पाहावं लागतं.

रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याची गोष्ट या बाबतीत आठवण्यासारखी आहे. सरकारी नोंदीप्रमाणे 125 माणसं मारणारा हा बिबट्या जिम कॉर्बेट यांनी मे 1926 च्या सुरुवातीच्या एका रात्री आंब्याच्या झाडावर बसून टिपला. रायफलीला विजेची बॅटरी बांधलेली होती. अंधारात प्राणी ओळखण्यात कॉर्बेट यांच्या तोडीची माणसं थोडी. तरी त्या एका गोळीसाठी त्यांनी महिनोन्‌महिने रात्री काढल्या. अंधारात गोळी झाडणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम असतं. आधीचं सगळं काम ओळखण्याचं.

ओळख चुकली की काय होतं, हे सांगायला परदेशात जायची गरज नाही. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. त्यांच्यातल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली गेली आणि तो जिवानिशी गेला. फ्रान्समध्ये, जिथे शिकारीचा परवाना परीक्षा देऊन मिळतो, तिथेही 2 डिसेंबर 2020 रोजी लॉत विभागात घराजवळ लाकडं फोडणाऱ्या 25 वर्षांच्या तरुणाला रानडुक्कर समजून एका शिकाऱ्याने मारलं. हिवाळ्यातला दिवस कलत आला होता. त्यानंतर त्या देशात शिकारीच्या सुरक्षेवर मोठा वाद पेटला.

लातूर-नांदेडच्या रात्रीच्या रानाचं चित्र यापेक्षा धोक्याचं आहे. फ्रान्सच्या जंगलात रात्री माणूस सहसा नसतो. इथे प्रत्येक धुऱ्यापलीकडे असतो. कोणी जागलीवर असतो, कोणी रात्रीची लाईट आली म्हणून दारे धरायला गेलेला असतो, कोणी हळदीच्या किंवा केळीच्या रानात पाणी पाहत वाकलेला असतो. वाकलेला, घोंगडी पांघरलेला माणूस शंभर पावलांवरून अंधारात कसा दिसतो, हे ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको. शिवाय रायफलीची गोळी डुकराजवळ थांबत नाही. नेम चुकला तर ती दोन-अडीच किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते. माळरानावर तिला अडवायला डोंगर नाही, दाट झाडी नाही. दुर्बिणीतून दिसतं ते छोटं गोल चित्र. त्या गोलाच्या बाहेर काय आहे, ते दुर्बीण दाखवत नाही.

कायद्यानेही हा विचार फार पूर्वी केलाय. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी परवाना देण्याची तरतूद आहे, पण ती मुख्यतः ठासणीच्या बंदुकीसाठी. तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासायची, जवळच्या अंतरावर चालणारी बंदूक. तिच्यावर 56 मिलिमीटरची दुर्बीण बसवण्याला काहीच अर्थ नाही. पिकाच्या राखणीसाठी लांब पल्ल्याची रायफल ही कल्पना या कायद्यात नाहीच. आणि राखणीची बंदूक जवळ असली म्हणून जनावर मारता येतं असंही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. विष घालणं, फासे लावणं, सापळा लावणं, हाका घालणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीत मोडतं. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांसाठी कलम 11 खाली परवानगी मिळू शकते. रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत ही परवानगी सुलभ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने 2015 साली घेतला. काळविटाला मात्र हात लावता येत नाही. तो पहिल्या अनुसूचीत आहे, आणि लातूरच्या माळावर पिकात शिरणाऱ्या कळपांत काळवीटच मोठ्या संख्येने असतात. रात्री दोनशे पावलांवर कळपातली मादी हरीण आणि रोहीचं पाडस यांतला फरक सांगणारी नजर किती जणांची? चूक झाली तर तीन ते सात वर्षांची कैद.

मेलेलं जनावरही शेतकऱ्याचं होत नाही, ते सरकारी मालमत्ता ठरतं. त्याची विल्हेवाट वनखात्यानेच लावायची असते.

यावर कोणी म्हणेल, मग अनुभवी नेमबाज बोलवा. तेही झालंय. जून 2016 मध्ये बिहारमधल्या मोकामा टाल भागात हैदराबादहून आलेल्या शिकाऱ्यांनी दोनशेहून जास्त नीलगाई, म्हणजे आपल्याकडच्या रोही, मारल्या. केंद्र सरकारने 2015 च्या डिसेंबरमध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाईला उपद्रवी प्राणी ठरवलं होतं, त्याच्या आधारावर. त्यावरून तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि मेनका गांधी यांच्यात जाहीर वाद झाला. दोन वर्षांनी नांदेडच्या शेजारी, पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवडा भागातली टी-1 वाघीण, जी अवनी म्हणून देशभर गाजली, तिच्या मागावर तसंच पथक आलं. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते. तिला शोधायला उष्णता टिपणारं ड्रोन वापरलं गेलं, अत्तराचं आमिष वापरलं गेलं. अखेर 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री, बोराटीजवळ, असगर अली खान यांच्या गोळीने ती मेली. बेशुद्ध करण्याची मोहीम सूर्यास्तानंतर करू नये, असं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत आहे. प्राधिकरणाच्या पथकाने नंतर या मोहिमेवर ताशेरे ओढले. वाघिणीला मारावं की नाही यावर मतं वेगळी असतील. पण इतक्या साधनांनिशी, इतक्या जाणत्या माणसांनी केलेली कारवाई ज्या मुद्द्यांवर अडकली, त्यांतला एक अंधाराचा होता.

तरीही रानडुकरांची संख्या कमी करायलाच हवी, यात शंका नको. या दोन जिल्ह्यांत डुकराला नैसर्गिक शत्रू जवळजवळ उरलेला नाही. एका मादीला एका वेतात चार ते सहा पिल्लं होतात. लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरतंच आहे. पण मांजरा आणि तेरणेच्या काठी ऊस आहे, आणि ओढ्यांना वेड्या बाभळीची झाडी. बारा महिने उभा असलेला ऊस हेच इथलं डुकरांचं जंगल. वनखातं म्हणतं आमच्याकडे जंगल नाही, शेतकरी म्हणतो माझ्याकडे डुकरं आहेत, आणि दोघंही खरं बोलतात. संख्या कमी करण्याचं काम शेतकऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून करणं मात्र चूक आहे. ते सरकारचं काम आहे आणि सरकारने ते आपल्या माणसांकडून, आपल्या जबाबदारीवर करावं.

केरळने 2022 मध्ये यातला एक मार्ग धरला. रानडुकरांच्या बाबतीत मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना दिले, परवानाधारक नेमबाजांची यादी केली आणि विष, स्फोटकं, विजेचा प्रवाह यांना मनाई केली. तिथल्या व्यवस्थेतही अडचणी असतील. पण त्यात गोळी कोण झाडतो, कोणाच्या परवानगीने आणि मेलेल्या जनावराचं काय करायचं, हे ठरलेलं आहे. लातूर आणि नांदेडच्या वन विभागांनी प्रत्येक तालुक्यासाठी अशी प्रशिक्षित पथकं उभी करावीत. ऊसतोड होते तेव्हा फड शेवटच्या पट्ट्यापर्यंत येतो आणि डुकरं त्या पट्ट्यात कोंडलेली असतात. तेव्हा दिवसाउजेडी, लोकांना बाजूला करून, पथकाने काम करावं. त्या वेळी कमी उजेडाच्या दुर्बिणीची गरजच पडत नाही.

मग अंधारासाठी काय? अंधारासाठी बंदुकीवरची नव्हे, हातातली नजर हवी. गळ्यात अडकवायची 7×50 ची साधी दुर्बीण तरुण जागल्याला आणि 8×42 ची वयस्काला पुरते. तिच्या रोखाने कोणी मरत नाही. त्याहून मोठी मदत होईल ती उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची. हे कॅमेरे उजेडावर चालत नाहीत. प्राण्याच्या अंगातून निघणारी उष्णता ते टिपतात, म्हणून काळोख्या रात्रीही उघड्या रानातलं डुक्कर त्यांना दिसतं. दाट उसाच्या आत त्यांना दिसत नाही, पावसात चित्र फिकं पडतं आणि लांबून दिसतो तो नुसता पांढरा ठिपका असतो. तो डुक्कर की कुत्रा की माणूस, हे सांगायला जवळ जावं लागतं. म्हणूनच तो ठिपका नेमाच्या फुलीखाली ठेवण्यापेक्षा माणसाच्या हातात असणं बरं. एका शेतकऱ्याला हा कॅमेरा परवडत नाही. ग्रामपंचायतीला दोन परवडतात. कळप कोणत्या बाजूने येतोय हे आधी कळलं, तर चार जण एकत्र जाऊन त्याला वेळेत वळवू शकतात. आज मात्र प्रत्येकजण आपापल्या रानात एकटा बसून पलीकडच्या रानात डुकरं ढकलत असतो.

असल्या कॅमेऱ्याचा दुसराही उपयोग आहे आणि तो थेट पैशाशी जोडलेला आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीचा समावेश करण्याचं केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. खरीप 2026 पासून तो लागू करायचं ठरलं. नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत पीक विमा ॲपवर छायाचित्रांसह कळवायचं आहे. कोणते प्राणी आणि कोणते भाग यात धरायचे, ते राज्याने अधिसूचित करायचं. लातूर आणि नांदेडच्या लोकप्रतिनिधींनी या अधिसूचनेत आपले तालुके आणि रानडुक्कर, रोही, काळवीट ही तिन्ही नावं आहेत की नाहीत, हे पाहायलाच हवं. जंगल नाही म्हणून लातूर वगळलं गेलं, तर तो मोठा अन्याय ठरेल. आणि ज्या गावाकडे रात्रीच्या कळपाचं चित्र तारखेसह आहे, त्या गावाचा दावा फेटाळणं विमा कंपनीला सोपं जाणार नाही.

रात्रीच्या विजेचा प्रश्नही यातलाच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली आणि 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू. ज्या रानात रात्री माणूस पाण्याला नसेल, तिथे साप कमी चावतील, विजेचे अपघात कमी होतील आणि अंधारात माणसाला डुक्कर समजण्याची भीतीही कमी होईल. रात्रीच्या विजेने घडणारा सगळ्यात भयंकर प्रकार म्हणजे कुंपणाच्या तारेत सोडलेला थेट प्रवाह. त्यात डुकरं मरतात, वाघ आणि बिबटे मरतात आणि धुऱ्यावरून येणारा शेजारीही मरतो. झटका मशीनचं सौर कुंपण वेगळं. त्यातला झटका क्षणाचा असतो, जीव घेत नाही. दोन्ही तारा दिसायला सारख्याच, म्हणून गावात याबद्दल गैरसमज फार. शासनाचं सौर कुंपणाचं अनुदान मुळात जंगलालगतच्या गावांचा विचार करून आखलं गेलं. उसाच्या जंगलाशेजारच्या गावांनाही ते तितक्याच सहज मिळालं पाहिजे.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. जागल मात्र आज रात्रीही आहे. रायफलीवर दुर्बीण बसवण्याचे पैसे ज्याच्याकडे असतील, त्याने ते गावाच्या कॅमेऱ्यात घालावेत. येत्या ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा आणि वनक्षेत्रपालांकडे पथकाची लेखी मागणी करावी. आणि ज्यांच्या घरातलं साठीपुढचं माणूस बॅटरी घेऊन रोज आखाड्यावर जातं, त्यांनी या आठवड्यात त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं. उदगीरला लायन्सचं नेत्र रुग्णालय आहे, लातूर आणि नांदेडला शासकीय रुग्णालयं आहेत. मोतीबिंदू निघाला तर सोयाबीनला शेंगा धरायच्या आत शस्त्रक्रिया उरकून घ्यावी.